पाणी तोडणाऱ्यांना 15 दिवसांची मुदत

गिरगावापासून लालबागपर्यंत पागडीच्या चाळींतून भाडेकरूंना हुसकावण्यासाठी पाणी बंद करणारे मालक, जिन्यातले दिवे काढून नेणारी त्यांची माणसे आणि म्हाताऱ्यांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेणारे दलाल, या सर्वांना ही जाहीर समज आहे. आजपासून 15 दिवसांत तोडलेले पाणी आणि वीज पूर्ववत करा. कोऱ्या सह्यांचे कागद ज्याचे त्याला परत द्या. घेतलेल्या भाड्याची पावती द्या आणि नाकारलेले भाडे स्वीकारा. ही विनंती समजू नये.

तुमचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: खोलीत राहणाऱ्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, तेव्हा तो कोर्टाची पायरी चढणार नाही. हे गृहीत चुकीचे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 साली झाला आणि 1995 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 12 खाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्चसुद्धा प्राधिकरण उचलते. ज्या विधवा बाईला तुम्ही एकटी समजून दटावता, तिच्या वकिलाचा खर्च सरकारी तिजोरीतून होणार आहे.

आणि तो वकील काय मागेल, तेही ऐकून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला उजेड, लिफ्ट, सफाई यांतले काहीही योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. तोडणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. माणूस गावी गेला असताना कुलूप बदलून खोली बळकावलीत, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 6 खाली ताबा परत द्यावा लागतो. तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच निघत नाही. जागा खरोखर हवी असेल तर लघुवाद न्यायालयात दावा लावा, पुरावा द्या. तो मार्ग तुम्हाला मोकळा आहे, आमची त्याला हरकत नाही.

आता भाडेकरूंना. तुम्हालाही हा इशाराच आहे, आणि तो तितकाच कडक आहे.

बेलिफ आला की दार लावून बसायचे, समन्स हातात घ्यायचे नाही, ही चाळीतली जुनी खोड आजच्या आज सोडा. समन्स नाकारले तरी ते बजावले गेल्याचे धरले जाते. मग तुमच्या माघारी एकतर्फी हुकूम होतो आणि पुढच्या वेळी तोच बेलिफ ताबा घ्यायला येतो. भाडे थकल्याचा दावा असेल तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी, 15 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरा, आणि निकालापर्यंत दरमहा भाडे भरत राहा. कायदा तेवढ्यावर खोली वाचवतो. मालक भाडे घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पोच जपून ठेवा. जबरदस्तीने काढले गेलात तर कलम 6 चा दावा 6 महिन्यांच्या आतच लावावा लागतो, सातव्या महिन्यात ते दार बंद झालेले असते. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना सक्षम प्राधिकाऱ्यापुढे बाजू मांडण्याची परवानगी मागायला 30 दिवसच मिळतात. हे दिवस नातेवाइकांचा सल्ला घेण्यात घालवू नका. जिल्हा किंवा तालुका न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवेचे कार्यालय असते, तिथे जा, किंवा 15100 वर फोन करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, अर्ज तिथे लिहून घेतात.

कोपऱ्यावरच्या माणसाला "मोफत वकील मिळवून देतो" म्हणून पैसे देऊ नका. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाला अशिलाकडून फी मागण्याची मनाई आहे. मागितली तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार द्या, दुसरा वकील मागा. लोकअदालतीत तडजोडीवर सही करण्याआधी कागदाचा शब्दन् शब्द वाचून घ्या, कारण त्या निवाड्यावर अपील नाही. किती चौरस फूट, कोणत्या तारखेला ताबा, तोवर भाडे कोण देणार, हे त्यात लिहिलेले नसेल तर सही करू नका, मग समोर कोणीही बसलेले असो.

मालक आणि दलालांनी 15 दिवसांत नळ सुरू केले नाहीत, तर सोळाव्या दिवशी प्रत्येक खोलीचा वेगळा अर्ज विधी सेवा कार्यालयात जाईल आणि त्यामागोमाग कलम 29 खालचे अर्ज न्यायालयात. ज्यांच्या कोऱ्या सह्या घेतल्यात ते पोलिसांत स्वतंत्र तक्रार देतील. त्यानंतर चहाला बोलावून, किंवा चाळीतल्या दोन माणसांना फोडून, यातला एकही अर्ज मागे घेतला जाणार नाही.