औषधाचे सात दिवस

गाईची कास सुजून टणक झाली, दुधात गाठी येऊ लागल्या, की आपल्याकडे ‘दगडी झाली’ असे म्हणतात. आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांत गवळाऊ गाई राखणाऱ्या नंदगवळ्यांपासून वर्धा शहरातील गोठेवाल्यांपर्यंत हा रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर बहुधा सडातून प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात अथवा इंजेक्शन देतात. ते योग्यच आहे. मुक्या जीवाला औषधावाचून तळमळत ठेवण्यात कोणती अहिंसा? प्रश्न पुढचा आहे : उपचाराच्या दिवसांतले त्या गाईचे दूध जाते कोठे?

औषध दिल्यानंतर किती दिवस दूध वापरू नये, हे वेष्टनावर छापलेले असते. जेथे असा काळ निश्चित केलेला नसेल, तेथे दुधासाठी तो किमान सात दिवसांचा धरावा, असा नियम केंद्र सरकारने २०१२ साली केला. दिवसाला दहा लिटर दूध देणारी गाय असेल, तर हे सत्तर लिटर दूध झाले. ज्याचा संसार दोन गाईंवर चालतो, त्याने ते ओतून द्यावे असे सांगणे सोपे. पण मोहाचा उगम नेमका येथेच आहे.

दूध काढल्यावर अंतर्मुहूर्ताच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांत, गाळून तापवावे, ही मर्यादा आपल्यातील अनेक घरांत आजही पाळली जाते. उकळल्याने दुधातील रोगजंतू मरतात. औषधांना न जुमानणारे जिवाणूही त्यातून सुटत नाहीत. मात्र औषधाचा अंश उकळीने पुरता जात नाही. विरजणातील जिवाणू पेनिसिलिनसारख्या औषधापुढे फार दुबळे असतात. गृहिणी थंडीला किंवा विरजणाला बोल लावते आणि दही पातळच राहते. याला इतरही कारणे असतात; तरी नेहमीच्या गवळ्याच्या दुधाला एकाएकी विरजण लागेनासे झाले, तर गोठ्यात कोणत्या गाईवर उपचार चालू आहेत, हे अवश्य विचारावे. खवा आणि पेढे यांना विरजणाची कसोटी नाही. तेथे हा दोष मुकाट्याने खपून जातो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी सर्वेक्षणात दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्यांतील ९ महाराष्ट्रातील होते. प्रमाण शंभरात सव्वाहून किंचित कमी. दूध सोडावे इतके ते भयावह नाही. परंतु औषधाची अपुरी मात्रा जिवाणूंना मारत नाही, त्यांतील चिवटांना निवडते. आणि हे चिवट जिवाणू आपला गुण शेजारच्या जिवाणूंनाही देतात. कच्चे दूध, शेण, धार काढणाऱ्याचे हात, अशा वाटांनी ते गोठ्याबाहेर पडतात. पुढे माणसाच्या साध्या जखमेवरही नेहमीचे औषध चालेनासे होते. टाकाऊ म्हणून तेच दूध वासरांना पाजणे हाही उपाय नव्हे. त्यांच्या पोटात हीच निवड सुरू होते. दोन दिवसांत सूज उतरली म्हणून औषध अर्धवट सोडणे, किंवा पशुवैद्यकाला न दाखवता दुकानातून ट्यूब आणणे, हेही तितकेच घातक.

१९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ उभा राहिला, तो जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने. हा व्यापारी माणूस आयुष्याच्या अखेरीस गोपुरीच्या झोपडीत राहून गाईच्या अर्थकारणाचा विचार करीत होता, हे येथे मुद्दाम आठवते. कारण ‘दूध ओता’ हा उपदेश गवळ्याला पुरत नाही, त्या सत्तर लिटरांचा हिशेब कोणीतरी उचलावा लागतो. मिठाईचे दुकान, खव्याची खरेदी, घरचे रतीब, यांत ग्राहक आपणच आहोत. आजारी गाईचे दूध वेगळे काढणाऱ्या गवळ्याला त्या दिवसांचे निम्मे पैसे देण्याचा करार दुकानदाराने केला, तर वर्षाकाठी तो खर्च दिवाळीच्या एका जाहिरातीहून अधिक होईल असे वाटत नाही.

आपल्यापैकी काही जण गोशाळांचे आणि पांजरापोळांचे विश्वस्त आहेत. तेथे आरंभ उद्याही करता येईल. एक वही ठेवावी : कानातील बिल्ल्याचा क्रमांक, औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख आणि दूध पुन्हा कधी घ्यायचे ती तारीख. उपचार चालू असलेल्या गाईच्या पायाला रंगीत फीत बांधावी, तिची धार शेवटी काढावी. एकाच गाईला वारंवार दगडी होत असेल, तर औषध बदलण्याआधी पशुवैद्यकांकरवी दुधाचा नमुना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवून कोणते औषध लागू पडते, याची तपासणी करून घ्यावी.