बुधवारातील देवळांची दारे

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की पुण्याच्या बुधवार पेठेत गावोगावच्या भाविकांची रीघ लागते. ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरीपुढे मस्तक नमवावे, तिच्याच नावाच्या मानाच्या दुसऱ्या गणपतीचे आणि तुळशीबागेतील चौथ्याचे दर्शन घ्यावे, दगडूशेठ हलवाई गणपतीस नारळ वाहावा, हा त्यांचा संकल्प. पूर्वी असा यात्रेकरू ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांस वाट विचारी. आता तो हातातील फोनला विचारतो; आणि कोणी तरी सांगून ठेवले असेल तेवढेच त्या फोनमधील नकाशास ठाऊक असते.

हे सांगणारे कोण, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा बहुतांशी स्वयंसेवकांनीच रचला आहे. खाते उघडून त्यात कोणासही भर घालता येते, चूक दुरुस्त करता येते. स्थळाचे मराठी नाव देवनागरीत नोंदविण्याची सोयही तेथे आहे.

ही सोय लहानसहान नव्हे. उपग्रहाच्या छायाचित्रात तुळशीबागेतील राममंदिराचे शिखर दिसते. पण दुकानांच्या गर्दीतून देवळात शिरण्याची वाट कोठून, हे आकाशातून दिसत नाही. पासोड्या विठोबाचे छप्पर दिसेल, नाव दिसणार नाही. देवळाजवळ पासोड्या विकल्या जात, म्हणून देवास हे नाव पडले असे सांगतात. ते एकदा इंग्रजी अक्षरांत गेले आणि परक्या हाताने पुन्हा मराठीत आणले, की 'पासोद्या' होण्यास कितीसा वेळ? पासोड्या तर आधीच गेल्या. आता नावही जावे काय?

मात्र या सेवेस पथ्य आहे. स्वतः पाहिले तेच नोंदवावे, दुसऱ्याच्या छापील नकाशावरून उतरवू नये. दहा दिवसांचा मांडव कायमच्या नकाशात घालू नये. आणि पहिला सार्वजनिक गणपती भाऊसाहेब रंगारी यांचा १८९२ चा, की लोकमान्यांचा १८९३ चा, हा पुणेकरांचा आवडता वाद तर तेथे मुळीच नेऊ नये. त्यासाठी कट्टे पुष्कळ आहेत.

एक गोष्ट संकोच बाजूस ठेवून लिहितो. याच पेठेत पोटासाठी देह विकावा लागणाऱ्या भगिनींची वस्ती आहे. थट्टेखातर त्या गल्ल्यांना भलतीसलती नावे चिकटविणे हे पाप आहे, असे आम्ही समजतो. त्यांच्याच काय, कोणाच्याही राहत्या घरावर माणसांची नावे लिहिण्याचा अधिकार नकाशा काढणारास नाही.

पेठेची माहिती आजी-आजोबांकडे आहे आणि फोन नातवंडांच्या हाती आहे. यंदा सायंकाळच्या आरतीनंतर दोघांनी मिळून आपल्या गल्लीतील एका देवळापर्यंत चालत जावे. दार कोणत्या बाजूस, पायऱ्या किती, पाण्याचा नळ जवळ आहे काय, एवढे पाहावे. आणि चाकांच्या खुर्चीतून वृद्ध आईस दर्शनाला आणणाऱ्या परगावच्या मुलास ती खुर्ची कोठपर्यंत नेता येईल, हेही नोंदवावे.