कंपनी काढली, पत्ता घरचा दिला. आता तो पत्ता कोणाकोणाकडे आहे?

गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. मसाल्यांचा छोटा उद्योग, आणि ऑफिस म्हणजे घरातलीच एक खोली. नोंदणीचं सर्टिफिकेट आलं आणि आठवड्याभरात लोकांची रीघ लागली. कोणी ट्रेडमार्क करून देणार, कोणी लोन देणार. एक जण तर दुपारी थेट दारात उभा, आणि घरात ती एकटीच. तिने मला विचारलं, "दादा, यांना माझा पत्ता दिला कोणी?"

उत्तर ऐकून ती आणखीच वैतागली. पत्ता तिनेच दिला होता, आणि तो देणं कायद्याने भाग होतं.

रजिस्टर सगळ्यांना खुलं का?

याला ठोस कारण आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बुडाली तर मालकाचं घरदार सहसा विकलं जात नाही, कारण त्याची जबाबदारी मर्यादित असते. ही सवलत समाजाने दिलेली आहे. तिच्या बदल्यात कंपनी कोण चालवतं, ताळेबंद काय सांगतो, कोणाचं कर्ज आहे, हे लोकांना पाहता आलं पाहिजे. उधारीवर माल देणारा व्यापारी, नोकरीची ऑफर आलेली मुलगी, घोटाळा खणणारा पत्रकार, या सगळ्यांना ही माहिती लागते. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 399 हाच हक्क देतं. एमसीएच्या पोर्टलवर मूलभूत माहिती फुकट दिसते आणि ठरावीक फी भरून कोणीही कंपनीची कागदपत्रं पाहू शकतो.

त्यामुळे "सगळं बंद करा" असं मी म्हणणार नाही. 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त निष्क्रिय कंपन्यांची नावं रजिस्टरवरून काढली. कागदावरच्या कंपन्यांचं पीक किती मोठं होतं, याचा अंदाज त्यावरून येतो. अंधार वाढला की फायदा अशांचाच होतो.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे घर आणि ऑफिस एकच असण्यात. कलम 12 प्रमाणे प्रत्येक कंपनीला नोंदणीकृत कार्यालय लागतं आणि त्याच्या बाहेर नाव-पत्त्याची पाटीही लावावी लागते. मोठ्या कंपनीचा पत्ता म्हणजे एखादा टॉवर. पण नवख्या उद्योजकाचा पत्ता म्हणजे त्याचा फ्लॅट, वीज बिलासकट. शिवाय मेमोरँडमवर सही करणाऱ्या प्रत्येकाला नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावा लागतो. हा मेमोरँडमही सार्वजनिक दस्तऐवज आहे.

पूर्वी ही माहिती पाहायला रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन फाइल काढावी लागायची. तो त्रास हीच एक प्रकारची राखण होती. आता रजिस्टरवरची माहिती उचलून स्वतःच्या साइटवर मांडणाऱ्या कंपन्या आहेत. संचालकाचं नाव गूगल केलं की पहिल्याच पानावर त्याची कंपनी आणि पत्ता हजर!

नवा डेटा कायदा वाचवेल का?

बहिणीचा पुढचा प्रश्न हाच होता. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. पण कलम 3 नीट वाचा. एखाद्याने आपली माहिती स्वतःच सार्वजनिक केली असेल, किंवा दुसऱ्या कोणी कायद्याच्या बंधनामुळे ती सार्वजनिक केली असेल, तर अशा माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कंपनी रजिस्टर नेमकं या अपवादात बसतं. जी माहिती देण्यावाचून पर्याय नव्हता, तिलाच संरक्षण नाही!

इतरांनी काय केलं?

ब्रिटनचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथलं कंपनीज हाउसचं रजिस्टर फुकट आणि संपूर्ण ऑनलाइन आहे. तरीही ऑक्टोबर 2009 पासून संचालकाला पत्रव्यवहारासाठी वेगळा पत्ता देता येतो. घरचा पत्ता रजिस्ट्रारकडे राहतो, पण लोकांना दिसत नाही. ऑक्टोबर 2015 पासून जन्मतारखेतला दिवस झाकला जातो, फक्त महिना आणि वर्ष दिसतं. आता तर जुन्या कागदांवरचा घरचा पत्ता झाकण्यासाठीही अर्ज करता येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये संचालकांची ओळख पडताळणी सक्तीची झाली. म्हणजे लोकांना थोडं कमी दिसेल, पण जे दिसेल ते खरं असेल.

युरोपात काटा उलट बाजूलाही झुकला. नोव्हेंबर 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने कंपन्यांच्या खऱ्या मालकांची माहिती सरसकट सगळ्यांना खुली करण्याची तरतूद रद्द ठरवली. काही देशांनी लगेच ती रजिस्टरं बंद केली आणि शोधपत्रकारांची पंचाईत झाली. शेवटी 2024 च्या नव्या निर्देशाने पत्रकार आणि सामाजिक संस्थांसाठी दार पुन्हा उघडलं.

मला वाटतं, आपल्याला ब्रिटनसारखी विभागणी हवी. नाव, डीआयएन, ताळेबंद, कर्जाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या असाव्यात. राहतं घर मात्र फक्त रजिस्ट्रार, पोलीस आणि कोर्टाला माहीत असावं.

तोपर्यंत काय कराल?

कंपनी काढायच्या आधीच पत्त्याचा विचार करा. भाड्याची छोटी जागा किंवा को-वर्किंग ऑफिस चालतं, पण जागामालकाचं संमतीपत्र आणि ताजं बिल लागतं. नुसता कागदी पत्ता घेऊ नका: संशय आला तर रजिस्ट्रार प्रत्यक्ष पाहणी करू शकतो आणि कंपनीचं नावही रजिस्टरवरून जाऊ शकतं. ईमेल आणि फोन कंपनीसाठी वेगळे ठेवा. आणि सीएला फॉर्म भरायला सांगून मोकळे होऊ नका, काय काय जोडलं जातंय ते सही करण्यापूर्वी बघा.

बहिणीने आता गाळा घेतलाय आणि आयएनसी-22 फॉर्म भरून पत्ता बदललाय. जुन्या कागदांत मात्र तिचं घर अजून तसंच आहे. परवाच तिथे आणखी एक जण येऊन गेला.