तारापूरचा इतिहास आणि रसायनशास्त्राची वजाबाकी

१/ इतिहास म्हणजे करार, नेते आणि तारखा. आवर्तसारणी ही विज्ञानाच्या पेपरापुरती. हा समज किती घातक आहे, हे पाहायचे असेल तर पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरचा किनारा पाहावा.

२/ नेहमीची कथा अशी : १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेने तारापूरच्या युरेनियमची वाट अडवली. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. भारताकडे युरेनियम नव्हते, असा ग्रह त्यातून होतो. प्रत्यक्षात जादुगुडाची खाण तेव्हा चालू होती. मग अडले कशासाठी?

३/ आवर्तसारणीत युरेनियमला एकच घर आहे, क्रमांक ९२. त्या घरात मुख्यतः दोन समस्थानिके राहतात. २३८ वस्तुमानांकाच्या अणूत १४६ न्यूट्रॉन, २३५ च्या अणूत १४३. रासायनिक गुणधर्म जवळपास सारखेच. पण तारापूरच्या भट्टीत ऊर्जा मुख्यतः २३५ च्या विखंडनातून मिळते. सारा तंटा या तीन न्यूट्रॉनांचा आहे.

४/ आता साधे गणित. नैसर्गिक युरेनियमात २३५ चे प्रमाण सुमारे ०.७१ टक्के, म्हणजे १,००० किलोत ७.१ किलो. इंधनात ते २.५ टक्के हवे असे धरले, तर १,००० किलोत २५ किलो लागते. २५ ला ७.१ ने भागा : एक टन इंधनासाठी किमान साडेतीन टन नैसर्गिक युरेनियम. तेही २३५ चा कण न् कण वेगळा काढता आला तर!

५/ तो काढणे हेच कठीण. युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग करून वायू बनवतात. त्याचा रेणुभार २३५ साठी २३५ + (६ × १९) = ३४९, तर २३८ साठी ३५२. फरक एक टक्क्याहूनही कमी. सच्छिद्र पडद्यातून हलका रेणू किंचित वेगाने जातो. किती, तर ३५२ ÷ ३४९ चे वर्गमूळ, १.००४३. म्हणून हा वायू शेकडो-हजारो टप्प्यांतून न्यावा लागतो. असे अवाढव्य कारखाने अमेरिकेकडे होते, भारताकडे नव्हते.

६/ १९६३ च्या भारत-अमेरिका कराराचा खरा अर्थ इथे उलगडतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या. साध्या पाण्यातील हायड्रोजन न्यूट्रॉन शोषतो. म्हणून इंधन समृद्धच लागते. परावलंबन केवळ कराराच्या कलमांत नव्हते, ते भट्टीच्या रचनेतच होते. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने ते उघडे पडले आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडून पुरवठ्याची तडजोड करावी लागली.

७/ दुसरे उत्तर त्याच किनाऱ्यावर उभे आहे. २००५-०६ मध्ये कार्यान्वित झालेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीत जड पाणी वापरतात. साध्या पाण्याचा रेणुभार १८, जड पाण्याचा २०. जड पाणी न्यूट्रॉन फारच कमी शोषते. त्यामुळे नैसर्गिक युरेनियम पुरते. रेणुभारातील दोनच्या फरकाने परदेशी समृद्धीकरणाची गरज संपवली.

८/ आक्षेप येईल : इतिहास माणसांच्या निर्णयांचा असतो, आकडेमोड अभियंत्यांनी करावी. निर्णय माणसांचेच, हे मान्य. पण कोणते पर्याय खुले होते आणि प्रत्येकाची किंमत काय होती, हे आकड्यांवाचून कळत नाही. ते न कळता दिलेला दोष किंवा गायलेली स्तुती, दोन्ही पोकळ.

९/ आणि ती किंमत केवळ दिल्ली-वॉशिंग्टनने मोजली नाही. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनाचा वाद न्यायालयात गेला. स्वावलंबनाचा गौरव लिहिणाऱ्याने ही दोन नावेही त्याच पानावर लिहिली पाहिजेत.

१०/ किल्ल्याचा इतिहास लिहिणारा दगड, चुना आणि तोफेचा पल्ला तपासतो. त्याला कोणी अभियंता म्हणून हिणवत नाही. विसाव्या शतकाच्या इतिहासकाराने अणुभार तपासण्यात कमीपणा कसला? तारापूरवर लिहिण्यापूर्वी ३५२ मधून ३४९ वजा करावेत. जे तीन उरतात, त्यांच्यावाचून हा इतिहास समजणार नाही.