नाटकं नव्हेत ती!

"लक्ष वेधायला करतात हो ही मुलं!" स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबद्दल हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, लक्षच हवं असतं तर भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालून जखमा लपवल्या असत्या का?

नॉक आणि प्रिन्स्टीन यांनी २००४ साली मानसोपचारासाठी दाखल झालेल्या किशोरवयीन मुलांनाच कारणं विचारली. सगळ्यात जास्त मुलांचं उत्तर: आतली घालमेल थांबवायला. क्षणभर सुटका होते, म्हणून पुन्हा तेच. त्यात आपण ओरडलो की लाज वाढते, घालमेलही!

आणि समजा, हवं असेल लक्ष. मग द्या ना! भुकेल्याला आपण 'नाटकी' म्हणतो का?

जवळ बसा. ऐका. तज्ज्ञांकडे न्या. टेलिमानसचा क्रमांक आहे १४४१६.