लघवीची नळी आज निघेल का, हे आपणच विचारायला हवं

भिसेगावातला माणूस आजारी पडला की एका दवाखान्यात भागत नाही. आधी कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून पनवेल नाहीतर कल्याण, आणि फारच झालं तर मुंबई, जे.जे. किंवा सायन. या प्रवासात रुग्णाबरोबर एक्स-रे जातो, रक्ताचे रिपोर्ट जातात, लघवीची नळीही जाते. एक्स-रेवर तारीख असते. नळी कोणत्या दिवशी घातली ते मात्र विचारलं तर घरचे एकमेकांकडे बघतात.

आमच्या एका काकांचं असंच झालं. पाय मोडला म्हणून दाखल केलं, ऑपरेशनच्या वेळी नळी घातली. ऑपरेशन चांगलं झालं, नळी तशीच राहिली. कोणी काढा म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ती सोयीचीच वाटत होती. रात्री उठवायला नको, चादर बदलायला नको. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. उशाशी सून बसलेली, तिला काय सांगणार? दोन दिवसांनी मुलगा कपडे बदलू लागला तेव्हा दिसलं, एका बाजूचं वृषण पेरूएवढं सुजलेलं, लालभडक, हात लावू देईनात.

डॉक्टरांनी नाव सांगितलं एपिडिडायमायटिस. वृषणाच्या मागे एका बारीक नळीचं वेटोळं असतं, त्याला अधिवृषण म्हणतात. लघवीच्या मार्गातले जंतू तिथवर पोचले की ते सुजतं. मूत्राशयात नळी असली की जंतूंना वर चढायला आयती वाट मिळते. नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू होण्याची शक्यता दर दिवसाला ३ ते ७ टक्के असते. महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. सगळेच आजारी पडत नाहीत, पण म्हातारा माणूस किंवा साखरेचा रुग्ण असेल तर हेच जंतू रक्तातही जाऊ शकतात.

वस्तीत मात्र कुजबुज वेगळीच झाली. खाली सूज म्हणजे माणूस बाहेर गेला असणार! तरुण पुरुषांत शरीरसंबंधातून हा आजार होतो हे खरं आहे, आणि तेव्हा नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यावं लागतं. पण नळी घातलेल्या म्हाताऱ्याला तो बहुधा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो. यात त्याच्या चारित्र्याचा काय संबंध? या कुजबुजीच्या भीतीनेच काकांनी दोन दिवस दुखणं दाबून ठेवलं. माझ्या मते नळीने केलं त्यापेक्षा जास्त नुकसान त्या लाजेने केलं.

म्हणून नळी वाईट, असं मी म्हणणार नाही. लघवी अडली असेल, माणूस अत्यवस्थ असेल, मोठं ऑपरेशन असेल तर ती लागतेच. आणि चिडून ती घरच्यांनी ओढून काढायची तर मुळीच नाही. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, मार्ग फाटतो. पण गरज संपल्यावर ती एक दिवसही राहू नये. चालता येत नसेल तर भांडं आहे, पुरुषांसाठी निरोधसारखी बाहेरून लावायची नळीही मिळते.

सिस्टरला एकटीला किती खाटा बघाव्या लागतात ते आपण पाहतोच. त्यामुळे रोज सकाळी राउंडला डॉक्टर आले की आपणच विचारायचं: नळी कशासाठी आहे, आज काढता येईल का? हा उद्धटपणा नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद केली, त्यात माहिती मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयांना अशी सनद दर्शनी भागात लावावी लागते. आपल्यापैकी किती जण ती उभं राहून वाचतात? नळी आहे तोवर पिशवी पोटाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता टांगायची. जोड उघडायचा नाही. हात धुतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. स्ट्रेचरवरून नेताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात, ती लगेच खाली घ्यायला सांगा. तिच्यातली लघवी उलटी आत जाते.

सूज आलीच तर नळी काढता येते का, हे डॉक्टर आधी बघतात. लघवी अडलेलीच असेल तर ओटीपोटातून छोट्या छेदाने नळी घालता येते, म्हणजे सुजलेला मार्ग मोकळा राहतो. लघवी तपासायला देऊन अँटिबायोटिक सुरू होतं. ते सहसा १० ते १४ दिवस, मध्येच सोडायचं नाही. आराम, लंगोटाचा आधार, फडक्यात गुंडाळलेला बर्फ. दुखणं दोन-तीन दिवसांत उतरू लागतं, सूज मात्र कित्येक आठवडे रेंगाळते. नाहीच उतरली तर पुन्हा दाखवायचं, क्षयरोगही तिथे बसतो. आणि पोराला अचानक तिथे कळ आली तर ही वाट बघायचीच नाही. वृषणाला पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, आणि आपल्याकडे त्यातले दोन तास गाडीतच जातात.

काका बरे झाले, दीड महिना लागला. आता आमच्या घरातलं कोणी दाखल झालं की मुलगा केसपेपरच्या मागे नळी घातल्याची तारीख लिहितो. मागच्या खेपेला सिस्टरने ती वाचली, डॉक्टरांना विचारून आली आणि दुपारी नळी काढली.