नकनिकियावरून दोन तट



सध्या आमच्या वस्तीत एका ठेल्यावरून दोन तट पडले आहेत. बाजाराच्या कोपऱ्यावर हॉट डॉग, म्हणजे आपली इथली नकनिकिया, लांबट पावात घालून मिळते. मुलं म्हणतात, अशी नकनिकिया दुसरीकडे मिळणार नाही. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पाव कोरडा, आतलं पाणचट, वर मोहरीचा मारा. त्यापेक्षा घरचं कटलेट बरं. इथपर्यंत ठीक होतं. पण हल्ली "मांस कुठलं घालतो कोण जाणे" अशी कुजबुज सुरू झाली आणि ठेल्यावरची गर्दी कमी झाली. म्हणून आज हाच विषय घेतला.

मुलांनो, असा वाद पहिल्यांदा होत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फेल्टमन नावाच्या जर्मन माणसाचं मोठं खाणावळघर होतं. तिथं हॉट डॉग १० सेंटला मिळे. तिथंच पाव कापण्याचं काम करणारा नेथन हॅंडवर्कर, पोलंडहून आलेला आपलाच ज्यू माणूस, १९१६ साली बाहेर पडला आणि स्वतःचा ठेला टाकून ५ सेंटला विकू लागला. लोकांना वाटलं, इतकं स्वस्त म्हणजे मांसात काहीतरी गडबड असणार! तेव्हा त्याने पांढरे कोट घातलेली माणसं ठेल्यासमोर उभी करून त्यांना खायला दिलं, म्हणजे लोकांना ते डॉक्टर वाटावेत, अशी गोष्ट सांगतात. गर्दी वाढली. पण कोटामुळे मांस चांगलं झालं नाही, आणि आधीच्या संशयामुळे वाईटही झालं नव्हतं. बघणाऱ्यांनी किंमत पाहिली, कोट पाहिला. चौकशी कोणी केली?

म्हणून आमचं म्हणणं असं, की ह्या वादाचे तीन भाग करावेत.

पहिला, चव. ती ज्याची त्याची. आजोबांना कांदा-मिरची हवी, नातवाला केचप हवा. ह्यात निकाल लागणार नाही, लावूही नये.

दुसरा, कोशेर. ह्यात मत चालत नाही. ठेल्यावर तेउदा लावलेली असते. ती वाचावी, तिची तारीख बघावी. नेथनचा हॉट डॉग गाईच्या मांसाचा होता, तरी तेवढ्यानं तो कोशेर ठरत नव्हता. मुलांनो, नकनिकियावर चीज नाही आणि लगेच आइस्क्रीमही नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तिसरा, स्वच्छता. हे डोळ्यांनी दिसतं. शिजलेली नकनिकिया ६० अंशांच्या वर गरम ठेवायला हवी. पाण्याला वाफ असावी. पण पाणी खळखळा उकळत असलं तर साल फुटते आणि चव पाण्यात जाते. आतलं पाणचट लागतं त्याचं कारण बहुधा हेच. विकणाऱ्याला प्रेमानं सांगितलं तर एका दिवसात सुधारेल. पैसे घेतलेल्या हातानं पाव उचलत असेल तर तेही तोंडावर सांगावं, पाठीमागे नको.

आता ज्येष्ठांच्या बाजूनंही एक सांगतो. असल्या मांसात मीठ फार, रक्तदाबवाल्यांनी जपावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली सांगितलं, की प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे नकनिकिया कधीमधी ठीक, रोज नाही. आणि चार वर्षांखालच्या मुलाला ती गोल चकत्या करून देऊ नये, घशात अडकते. आधी उभी चिरावी, मग बारीक तुकडे करावेत.

जिभेला हाड नसतं. चवीसाठी ते बरंच आहे, पण त्याच जिभेनं एखाद्याची रोजीरोटी जाते. "मला आवडलं नाही" असं खुशाल म्हणा. "मांस खराब आहे" म्हणायचं असेल तर आधी जाऊन बघा, विचारा. खरंच खराब निघालं तर नगरपालिकेत तक्रार करा, आम्हीही सोबत येऊ.

तोवर आजोबांनी नातवाचा हात धरून एकदा त्या ठेल्यावर जावं. अर्धी अर्धी खावी. भांडण मग घरी येऊन पोटभर करावं!